उथळ पाण्याची बाजू

अर्जुनी मोरगाव,
ज्येष्ठ वद्य पंचमी

प्रिय स्नेही बापूसाहेब यांस,


आपले पत्र पावले. इकडील मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या कामात किती ब्रास गाळ निघाला, ही आपली पृच्छा पाटबंधारे खात्यात उभी हयात घालविलेल्या गृहस्थास साजेशीच आहे. परंतु काठच्या वनस्पती पुन्हा रुजविण्याच्या ज्या कामाविषयी मी लिहिले होते, त्यात गाळ जवळजवळ काढलाच जात नाही, हे वाचून आपण चष्मा पुसून पुन्हा वाचाल, अशी माझी खात्री आहे.

हे तलाव बहुतेक कोहळी समाजाच्या हातचे. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटलाने बांधला, हे आपणांस सांगावयास नको. पुढे मालगुजारी नष्ट होऊन १९५१ साली तलाव सरकारजमा झाले, गावकऱ्यांचे निस्ताराचे म्हणजे वापराचे हक्क दप्तरात सुरक्षित राहिले, आणि पाळीची डागडुजी मात्र कोणाचीच राहिली नाही. तथापि माझ्या मते खरी हानी पाळ खचल्याने झाली नाही. काठच्या उथळ पाण्यातील देवधान, कमळ, पोयणी आणि पाण्याखालच्या नाना जातींच्या वनस्पती नाहीशा झाल्या. त्यांच्या जागी बेशरमाची झुडपे माजली. आणि उरलेसुरले गवत, मत्स्योत्पादन वाढावे या सद्हेतूने सोडलेल्या गवत्या माशाने फस्त केले. मरळीसारखा मासा वनस्पतींच्या आडोशाला घरटे करून अंड्यांवर पहारा देतो. आडोसाच गेल्यावर त्याने वंश वाढवावा कोठे?

ही गोष्ट ढिवर मच्छीमारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. मनीष राजनकर व त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने तिला अभ्यासाची जोड दिली, आणि आता गावोगावच्या मच्छीमार संस्थांतील स्त्रिया ती प्रत्यक्षात आणीत आहेत. गेल्या पंधरवड्यात मी त्यांच्यामागे हिंडलो. बेशरम नुसती कापून भागत नाही. तिचे वीतभर कांडे जरी चिखलात राहिले तरी ते पेऱ्यांतून मुळे धरते, म्हणून झुडूप मुळासकट उपटावयाचे, हाताला चिकटणारा पांढरा चीक पदराला पुसावयाचा, आणि मागून येणाऱ्या पोरींनी पडलेले एकेक कांडे वेचून पाळीच्या पलीकडे उन्हात टाकावयाचे, असा क्रम. त्यानंतर तलावाचा आटलेला काठ नांगरून ठेवतात, आणि मृगाचे पाणी पडले की ज्या शेजारच्या तलावात अद्याप काही शिल्लक आहे तेथून कंद व रोपे आणून, ती तरंगून जाऊ नयेत म्हणून मुळाशी चिखलाचा गोळा दाबून, कमरभर पाण्यात रोवतात. धानाच्या रोवणीत जन्म गेलेले ते हात. त्यांना हे काम शिकवावे लागले नाही. मजुरीविषयी विचारले तेव्हा एक वृद्धा म्हणाली, ‘मासा आला का मजुरी आली, बाबू.’

सारे सुरळीत चालले आहे, असा माझा दावा नाही. शेतकऱ्याला धानासाठी अखेरचे पाणी हवे असते आणि ढिवराला तेच पाणी तलावात राहावयास हवे असते. हा तंटा जुना आहे आणि कोणत्याही लागवडीने तो मिटावयाचा नाही. मासेमारीच्या मक्त्याची मुदत संपली म्हणजे पुढील मक्ता कोणास मिळेल, हीही धास्ती आहेच.

परंतु माझी मुख्य तक्रार खोलीकरणाविषयी आहे. यंत्र आणून तलाव काठापासून काठापर्यंत सरळ खोदला, की पाण्याचा साठा वाढल्याचे कागदोपत्री दिसते, आणि ज्या उतरत्या काठावर सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, जेथे वनस्पती रुजतात, मासे अंडी घालतात आणि सारस चरावयास येतो, तो काठच कापला जातो. गाळ काढू नये, असे मी म्हणत नाही. तो मध्यभागातून हवा तितका काढावा. आपल्या हाताखाली तयार झालेले अभियंते आजही या जिल्ह्यांतील अंदाजपत्रकांवर सह्या करीत आहेत. खोलीकरणाच्या नकाशात काठचा उतार न खोदण्याचा पट्टा म्हणून आखून दाखवावा, आणि नकाशा कायम करण्यापूर्वी तेथील ढिवरांना पाळीवर बोलावून तो त्यांना समजावून द्यावा, इतकी तजवीज करविण्यासाठी आपली थोडी भीड आपण माझ्याखातर खर्ची घालावी.

सौ. वहिनींस नमस्कार. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला स्नेहांकित