नावं वाचणारा मामा

1973 साली ‘जंजीर’ लागला तेव्हा मुंबईतल्या पोस्टरांवर त्याच्या लेखकांची नावं नव्हती. सलीम खान आणि जावेद अख्तर यांनी रंगारी गाठला आणि शहरभर चिकटवलेल्या पोस्टरांवर आपली नावं रंगवून घेतली. मामा ही हकिगत पुनःपुन्हा सांगायचा. बच्चनचा तो वेडा भक्त होता, पण त्याला जास्त अभिमान होता तो या दोघांचा. आपण केलेल्या कामावर आपलं नाव हवं, हे कोणीतरी ठणकावून सांगितलं होतं.

मामा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होता. आधी बदली, मग कायम. ताग्यावर छाप पडायचा गिरणीचा. ज्यानं पाळीभर साच्यापुढे उभं राहून तो विणला त्याला असायचा तिकीट नंबर. म्हणून असेल, पण मामाला सिनेमाच्या सुरुवातीच्या नामावळीचं भारी अप्रूप. ती चुकली तर त्याचा खेळ वाया जायचा. अंधारात तो माझा दंड दाबून कुजबुजायचा, “वाच गो, सगळी वाच. कॅमेरावाल्याचं वाचलंस?”

चाळीतल्या मुलींना तेव्हा हाणामारीच्या पिक्चरला कोणी नेत नसे. मामा मला न्यायचा. आई कुरकुरली की म्हणायचा, “ताई, पोरगी लिहिणारी आहे. तिला लिहिलेलं बघू दे.” मी तेव्हा शाळेच्या निबंधापलीकडे काही लिहिलं नव्हतं. पुढे आयुष्यभर लिहून पोट भरलं, त्याची सुरुवात या वाक्यापाशी आहे असं मी मनापासून मानते.

‘दीवार’ आम्ही पहिल्यांदा पाहिला तो जुना झाल्यावर, मॅटिनीला. सगळ्यांच्या लक्षात राहतो तो 786 चा बिल्ला आणि गोदामाचं दार आतून लावून गुंडांना लोळवणारा विजय. मामाचं मन अडकलं होतं त्याच्या बापात. आनंद वर्मा खाणकामगारांचा पुढारी. मालक त्याच्या बायकोमुलांना ओलीस धरतो, तो मालकाच्या कागदावर सही करतो, आणि कालपर्यंत त्याचा जयजयकार करणारी माणसं त्याच्यावर उलटतात. बाप चोर असल्याचं ती माणसं गोंदवतात पोराच्या हातावर. मामा म्हणाला, “सही का केलीस, हे त्याला एकानंही विचारलं नाही. लेखकानं ते मुद्दाम तसं ठेवलंय.” पडद्यावर जे घडत नाही तेही कोणीतरी लिहिलेलं असतं, हे मला त्या दुपारी कळलं. कुठल्याही पुस्तकानं मला लेखनातलं याहून मोठं काही शिकवलेलं नाही.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार. भोंगे गप्प झाले, खाणावळींतली पानं कमी होत गेली, कितीतरी चाकरमानी कोकणातल्या घरी परतले. मामा राहिला. आमच्या मजल्यावरचा एक जॉबर काही महिन्यांनी पहाटे गुपचूप कामावर जायला लागला. घरात तान्हं मूल होतं, बायको आजारी होती. चाळीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. मामा स्वतः शेवटपर्यंत संपात होता, तरी रोज रात्री त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचा. लोक चिडले, मामालाही चार शब्द ऐकावे लागले. मला म्हणाला, “त्याच्या पोराच्या हातावर आपण काही लिहायचं नाही.”

त्याच जुलैत बंगळूरला ‘कुली’च्या चित्रीकरणात बच्चनला मार लागला आणि त्याला मुंबईत ब्रीच कँडीला आणलं. मामा लालबागहून तिथवर चालत गेला, गर्दीत उभा राहून परत चालत आला. बसभाड्याला पैसे नव्हते. नायक वाचला म्हणून मनमोहन देसाईंनी सिनेमाचा शेवट बदलला, मरायचा होता तो जगला. संपाचा शेवट कोणी बदलला नाही. तो रीतसर मागेही घेतला गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि मामाचं काम गेलं ते गेलंच.

पंधरा-सोळा वर्षांच्या मला तेव्हा सिनेमाचा संताप आला होता. एकटा विजय गोदाम रिकामं करतो आणि अडीच लाख माणसं एकत्र उभी राहून हरतात, मग हे आम्हाला दाखवलं तरी कशासाठी? मी मामाला तसं तोंडावर विचारलं. तो म्हणाला, “विजय जिंकतो कुठे? शेवटी मरतोच की. तू शेवटपर्यंत बघतेस ना?”

माझा राग त्यानं गेला नाही. बच्चन 1984 ला अलाहाबादचा खासदार झाला, 1987 ला राजीनामा देऊन बाहेर पडला. 2000 साली तो घराघरांत कोटी रुपयांचे प्रश्न विचारू लागला, तेव्हा लोअर परळमध्ये गिरण्यांच्या आवारात दुकानं आणि ऑफिसं उठत होती. माझ्या पिढीतले पुष्कळजण म्हणतात, त्यानं आम्हाला फसवलं. मला ते पटत नाही. तो नट होता, दिलेलं काम त्यानं जीव ओतून केलं. फसवलं ते कायद्यानं आणि सरकारनं. 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याखाली एकाच मान्यताप्राप्त संघटनेला कामगारांच्या वतीनं बोलण्याचा हक्क होता. अडीच लाखांनी दुसऱ्याला पुढारी मानलं, तरी त्या पुढाऱ्याशी वाटाघाट करायला सरकार बसलं नाही. हे पडद्यावरच्या माणसाच्या माथी मारलं की खरे जबाबदार सुटतात. इतकं स्पष्ट बघायला मला मामानंच शिकवलं: काम कोणाचं, नाव कोणाचं, ते आधी वाच.

म्हाडाची गिरणी कामगारांच्या घरांची योजना आली, त्याआधीच मामा गेला होता. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर कामावर असलेले कामगार आणि त्यांचे वारस अर्ज करू शकत होते. मामीकडे एका पत्र्याच्या पेटीत त्याचं तिकीट, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी आणि पिवळी पडलेली पगारपत्रकं निघाली. अर्ज मी भरला. कामगाराच्या नावापुढे मामाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, लिहिलं. खातं विचारलं होतं तिथे साचेखातं. मामीनं कागद हातात घेऊन मला तो मोठ्यानं वाचायला लावला, आणि एका ठिकाणी थांबवून म्हणाली, त्याच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ नीट तपास, तो असता तर त्यानं तपासला असता.