मेथीच्या जुड्या आणि माझा दोस्त

आज मेथी उपटली. पवनेकाठी आमचा अर्धा एकरच उरलाय, चहूकडं बिल्डिंगी.

मदतीला दोस्त होता. आम्ही एकाच तालमीतले. त्यानं कंपनी धरली, मी शेती. चार महिन्यांपूर्वी प्रेस मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तेव्हापासून घराबाहेर पडत नव्हता.

परवा मी त्याला मुरलीकांत पेटकरांचं सांगितलं. इस्लामपूरचा माणूस, लष्करात बॉक्सर. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. बॉक्सिंग सुटलं तर पोहायला लागले. १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्णपदक आणलं. नोकरी टेल्कोत केली.

दोस्त म्हणाला, "पदकाचं नको सांगू. काम दे."

माझंच चुकलं होतं. मी नुसता धीर देत बसलो होतो.

आज त्यानं डाव्या हातानं आणि दातानं सुतळी ओढून जुड्या बांधल्या. पहिल्या दहा सुटल्या. शिव्या घातल्या, परत बांधल्या. माझ्या साठ, त्याच्या बावीस.

जाताना विचारतो, "दोन बोटांनी म्हशीची धार निघंल का रे?" गोठा करायचं त्याचं जुनं स्वप्न.

म्हटलं, "उद्या पहाटे ये. माझ्याच म्हशीवर शिक."