किल्ल्यांचा जुडगा

माझ्या लॅपटॉपवर तीन संसार आहेत. एक नोकरीचा कोड. दुसरे माझे हौशी प्रकल्प. तिसरा मामांच्या अडतीचा हिशोब. मामा जालन्यात मोसंबीची अडत करतात. कुठल्या गावाहून किती आवक झाली, हमाली किती, शेतकऱ्याचं देणं किती, हे सगळं आता मी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये असतं. तिन्ही कोड गिटहबवर, पण खाती दोन: एक ऑफिसचं, एक माझं.

गिटहबने 13 ऑगस्ट 2021 पासून कोड ढकलताना पासवर्ड घेणं बंद केलं. तेव्हापासून टोकन तरी लागतं, नाहीतर एसएसएच की. एसएसएचचा जन्मही पासवर्डच्या चोरीतूनच झाला. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड कुणीतरी टिपले आणि तातू युलोनेन यांनी हा प्रोटोकॉल लिहिला.

यातली गंमत अशी, की इथे आपण कुलूप वाटतो आणि किल्ली घरातच ठेवतो. पब्लिक की म्हणजे कुलूप, ते गिटहबला द्यायचं. प्रायव्हेट की लॅपटॉप सोडून कुठेही जात नाही.

मग एकाच किल्लीवर का भागत नाही? कारण गिटहबच्या लेखी किल्ली म्हणजेच माणूस. एकच की दोन खात्यांना लावता येत नाही. आणि दोन किल्ल्या असल्या, तर जी आधी पुढे जाते तिच्यावरून गिटहब तुम्हाला ओळखतं. ऑफिसच्या किल्लीने मामांचा हिशोब मागितला, तर उत्तर येतं, असं रिपॉझिटरीच नाही. दार उघडतं, पण घर दुसऱ्याचं असतं.

उपाय सोपा आहे. एसएसएच-कीजेनने प्रत्येक कामाची वेगळी ईडी25519 की बनवायची. कॉन्फिग फाइलमध्ये होस्टला टोपणनावं द्यायची, 'गिटहब-ऑफिस', 'गिटहब-घर'. प्रत्येकाखाली होस्टनेम तेच, आयडेंटिटीफाइल मात्र ज्याची त्याची. आणि 'आयडेंटिटीजओन्ली यस' ही ओळ विसरायची नाही, नाहीतर एजंट जुडग्यातल्या सगळ्या किल्ल्या एकामागून एक लावून बघतो. शेवटी रिमोटच्या पत्त्यात खऱ्या नावाऐवजी टोपणनाव घालायचं.

मामांचा प्रोग्राम ज्या सर्व्हरवर चालतो, त्याला मी माझी किल्ली दिलेली नाही. त्याला डिप्लॉय की दिली आहे. ती एकाच रिपॉझिटरीला चालते आणि फक्त वाचू देते. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, गोदामाची किल्ली हमालाकडं असती, तिजोरीची नसती. एवढ्यासाठी इंजिनिअर व्हावं लागतं व्हय?"

मी पहिली नोकरी सोडली तेव्हा ऑफिसची की एका ओळीत पुसली. त्यांनीही माझं खातं बंद केलं. त्याच संध्याकाळी अडतीचा हिशोब नेहमीसारखा चालू होता. गावात राहून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे लक्षात ठेवावं लागतं. यंत्र एकच असलं तरी नोकरी जाताना सोबत फक्त नोकरीच जायला हवी.

आता मामांच्या मुलाला हिशोबात नवा रकाना टाकायचा आहे. तो म्हणाला, "ताई, तुझी की व्हॉट्सअॅपवर पाठव ना." मी पाठवली नाही. त्याला शेजारी बसवलं आणि त्याच्याच लॅपटॉपवर त्याची स्वतःची बनवायला लावली, पासफ्रेजसकट.