कॉलेजबाहेरचं हॉटेल

घर फिरलं की घराचे वासे फिरतात. बंद पडलेल्या हॉटेलांना ही म्हण लावून पाहिली, तर ती काही केल्या बसत नाही.

मुंबईत काळा घोडा चौकात, एल्फिन्स्टन कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर, वेसाईड इन होतं. अरुण कोलटकर वर्षानुवर्षं गुरुवारी दुपारी तिथं मित्रांबरोबर बसत. खिडकीतून दिसणारा तिठा, तिथली माणसं, कुत्री, कावळे हे सगळं त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आलं. संग्रह 2004 मध्ये छापून आला. कोलटकर त्याच वर्षी गेले, आणि हॉटेल त्याआधीच बंद झालं होतं. समोरच जहांगीर कलादालनात समोवार होतं, रेल्वेच्या डब्यासारखं लांबट आणि अरुंद. 1964 मध्ये सुरू झालेलं समोवार 2015 मध्ये बंद झालं. दोन्ही इमारती अजून उभ्या आहेत. म्हणजे वासे जागच्या जागी आणि घर तेवढं नाही. म्हण इथं उलटीच पडते.

पण सिहोऱ्यात बसून या हॉटेलांसाठी कोणी का हळहळावं? सिहोरा हे तुमसर तालुक्यातलं, धानाच्या पट्ट्यातलं गाव. इथल्या पोरांचं कॉलेज म्हणजे तुमसर, भंडारा, फार तर नागपूर. त्यांच्या आठवणीत एसटी स्टँडजवळचा आलूबोंडा असतो, कस्तुरचंद पार्कजवळचे तर्री-पोहे असतात. काळा घोड्याची खिडकी त्यांच्या आयुष्यात येते कुठून?

येते ती बाबासाहेबांमुळे. राज्यघटनेच्या मसुद्याचं काही काम त्यांनी वेसाईड इनमध्ये बसून केलं, असं मुंबईत आवर्जून सांगतात. आणि हेच बाबासाहेब 1954 मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. ज्यांच्या टेबलाची आज एवढ्या कौतुकानं आठवण निघते, त्यांना निवडून देण्याची संधी या जिल्ह्याला मिळाली होती. ती गेली. हॉटेल गेल्याचं दुःख त्यापुढे फार लहान वाटतं, आणि तरी दोन्ही गोष्टी मनात एकमेकींना धरून येतात.

त्याच वर्षी धनंजय कीर यांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झालं. त्यात एल्फिन्स्टनमधल्या दिवसांबद्दल एक नोंद आहे. बडोद्याच्या सयाजीरावांची महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळालेल्या या विद्यार्थ्याला कॉलेजातला हॉटेलवाला चहा देत नसे. पाणीसुद्धा देत नसे. तेही कॉलेजचंच हॉटेल. त्याच्याही आठवणी कोणीतरी पुढं गोड करून सांगितल्या असतील: तिथली गर्दी, तिथली उधारी, परीक्षेच्या दिवसांतल्या गप्पा. त्या आठवणी खोट्या नसतील. एक विद्यार्थी मात्र त्यांच्यात नसेल, एवढंच.

इथं पुन्हा म्हण आठवते. भंडाऱ्याकडे कवेलूच्या घरात राहिलेल्यांना वाशांची चांगली ओळख असते. पावसाळ्याच्या तोंडावर माणूस छपरावर चढतो, माकडांनी फोडलेली कवेलू काढतो, उरलेली फेरून नीट बसवतो. कवेलू उचलली की खालचा वासा दिसतो. कुठं वाळवी लागलेली, कुठं गेल्या वर्षीची गळती मुरून लाकूड काळं पडलेलं. बोटानं दाबलं की भुगा हातात येतो. असा वासा काढून दुसरा घालतात, तेव्हा घर पाऊस झेलतं. वासे आपणहून कधी फिरत नाहीत. जे फिरवायचं ते माणूस फिरवतो आणि म्हणीत मात्र दोष वाशांच्या माथी येतो. कॉलेजातल्या त्या हॉटेलाला हे लावावं, तर बाबासाहेबांसाठी घर फिरलं असं म्हणताच येत नाही. त्याचं तोंड मुळात त्यांच्याकडे कधी नव्हतंच.

मग इराण्यांची हॉटेलं आठवतात. धोबी तलावावर, झेव्हियर्सच्या पोरांच्या रोजच्या वाटेवर, बस्तानी होतं. या शतकाच्या सुरुवातीला तेही बंद झालं. इराण्याच्या हॉटेलातल्या सूचनांच्या पाटीवरून निस्सीम एझिकिएल यांनी इंग्रजीत एक कविता केली. थुंकू नका, केस विंचरू नका अशा सूचनांच्या रांगेत तिच्यात कोणत्याही जातीच्या गिऱ्हाइकाचं स्वागतही आहे. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून मस्का यांच्याबद्दल आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. त्या एका सूचनेबद्दल त्या मानानं फार थोडं. गावोगावच्या हॉटेलांत दलितांची कपबशी वेगळी ठेवली जात होती, ती त्यांनाच विसळून ठेवावी लागत होती. अशा काळात शहरातल्या कोपऱ्यावर कोणीही आत येऊन बसू शकत होतं, ही साधी गोष्ट नव्हती. यामागे इराण्यांचं मोठं मन होतं, की परक्या देशातून आलेल्या व्यापाऱ्याला प्रत्येक गिऱ्हाईक हवंच होतं? बहुधा दोन्ही. पण तिथं बसायलाही खिशात चहापुरते पैसे लागत, आणि ते नसलेला विद्यार्थी बाहेरच राहत असे. तेव्हा इराण्याचं दार सगळ्यांना उघडं होतं, हेही ठामपणे म्हणवत नाही.

हळहळ तरीही उरते. जिथं आपल्याला कोणी पाणी दिलं नसतं, अशा जागेबद्दलही ती वाटू शकते का? कोलटकरांच्या खिडकीबद्दल वाटते ती ओढ खरी आहे, आणि कीरांच्या चरित्रातली नोंदही तितकीच खरी आहे. एकीच्या पारड्यात दुसरी घालून वजन करता येत नाही.

तुमसर, भंडारा, नागपूरकडच्या ज्यांना आपल्या कॉलेजसमोरचं बंद पडलेलं हॉटेल आठवत असेल, त्यांनी ते लिहून ठेवावं. तर्रीची चव लिहावी, उधारीची वही लिहावी, टेबल पुसणाऱ्या पोराचं नाव आठवलं तर तेही लिहावं. आणि वर्गातलं कोण त्या हॉटेलात कधीच येत नव्हतं, हे आठवून बघावं.