जाम इंजिन सोडविताना

आमच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची. तिचीच टॅक्सी चालवून त्यांनी आम्हा भावंडांना शिकविले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी कायमची गेली. वडील गेल्यापासून आमची चाळीमागे उभीच होती; इंजिन पार जाम. भंगारवाला भाव करू लागला तेव्हा आई म्हणाली, "विकण्याआधी एकदा तिचा आवाज तरी ऐकवा रे."

उभ्या गाडीत ओल शिरते आणि पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला धरतात. धाकटा म्हणाला, "दादा, स्टार्टर मारू का?" मी थांबविले. जोर केला की रिंग तुटते. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व इंजिन ऑइल सोडले. रोज ऑफिसातून आल्यावर क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हलकेच पुढे-मागे करीत राहिलो. नवव्या दिवशी पुली बोटभर सरकली. मग सिलिंडरमधले तेल उपसले, खालचे जुने ऑइल बदलले आणि त्यानंतरच प्लग बसविले.

गाडी धूर ओकत सुरू झाली. आईने डोळ्यांना पदर लावला. भंगारवाल्याला आम्ही नको म्हणून कळविले.

वाचकहो, घरी जुने इंजिन सोडविताना हातोडा दूर ठेवा. तेल आणि धीर, एवढेच भांडवल पुरते.