बेकरच्या चढावर बंद पडलेलं घर

तुम्ही म्हणाल, गाडी बंद पडली यात लिहिण्यासारखं काय? एस.टी. बंद पडते, स्कूटर बंद पडते. पण स्वयंपाकघर, न्हाणीघर, बिछाने आणि देवाच्या तसबिरीसकट अख्खं घर भर रस्त्यात बंद पडलेलं तुम्ही पाहिलंय का? 2024 च्या जूनमध्ये अमेरिकेत आम्ही ते पाहिलं आणि चांगलं तीन तास पाहिलं.

माझे धाकटे दीर लॉस एंजेलिसजवळ राहतात. आम्ही उभयता, आमची मुलगी आणि सासूबाई त्यांच्याकडे गेलो होतो. युटामधलं झायन राष्ट्रीय उद्यान दाखवायला भावजींनी 'आरव्ही' भाड्यानं घेतली. आरव्ही म्हणजे आपल्या मिनीबसएवढं चालतंफिरतं घर. ओटा, शेगडी, फ्रीज, संडास, सगळं आत. आम्हाला कोण आनंद! गाडी ताब्यात देताना तिथला माणूस तासभर माहिती सांगत होता आणि आमचे हे व भावजी माना डोलावत होते. आम्ही दोघी जावा त्या वेळी काय करत होतो? कपाटांत डबे लावत होतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

लास व्हेगासकडे जाणारा रस्ता मोहावीच्या वाळवंटातून जातो. वाटेत बेकर नावाचं चिमुकलं गाव लागतं. तिथं 134 फूट उंचीचा थर्मामीटर उभा आहे. जवळच्या डेथ व्हॅलीत 1913 साली 134 अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले जवळजवळ 57 अंश, तापमान नोंदलं गेलं, त्याची आठवण म्हणून 1991 मध्ये तो उभारला. आम्ही गेलो तेव्हा त्यावर 110 चा आकडा होता, म्हणजे 43 अंश. मुलीनं फोटो काढले. बेकरला पेट्रोल फार महाग, म्हणून भावजी म्हणाले, "पुढं नेवाडाची हद्द लागली की स्वस्त मिळेल, तिथंच भरू." बचतीचं बोलणं म्हणून आम्हालाही पटलं.

बेकर सोडलं की चढ सुरू होतो. आपल्या घाटासारखी वळणं नाहीत. सरळ, रुंद, फसवा चढ, आणि तो 3000 फूट वर नेतो. इंजिन तापू नये म्हणून गार हवा बंद करा, अशा पाट्याही लावल्या आहेत. पाटी वाचून भावजींनी एसी बंद केला, पण तोवर काटा वर चढला होता. मग त्यांनी चक्क हीटर लावला! मला वाटलं, उन्हानं यांचं डोकं फिरलं. पण त्यात युक्ती आहे. इंजिनातलं गरम पाणी हीटरच्या नळ्यांतून फिरतं आणि तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर पडते. आम्ही मात्र भट्टीत बसल्यासारखे झालो. शेवटी पुढून वाफ आली आणि गाडी कडेला घेतली.

मी कराडची. लहानपणी कुंभार्ली घाटात एस.टी. तापली की कंडक्टर डबा घेऊन झऱ्यावर जायचा आणि ड्रायव्हर ओरडायचा, "झाकणाला हात लावू नका!" तेच मी इथं ओरडले. हे झाकण उघडायलाच निघाले होते. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं. तासभर तरी थांबायलाच हवं.

भाड्याच्या कंपनीला फोन केला. एवढं धूड तपासायला आणि ओढायला मोठा ट्रक लागतो, तो यायला तीन तास. हरकत नाही, म्हटलं, घर आपल्याबरोबरच आहे. छतावरचा एसी जनरेटरवर चालतो, तो लावू. भावजींनी बटण दाबलं. घर्र झालं आणि बंद. पुन्हा घर्र, पुन्हा बंद.

कारण ऐका. जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल पितो, पण त्याची नळी टाकीच्या तळापर्यंत नेलेली नसते. पाव टाकी उरली की त्याला पेट्रोल मिळत नाही. जनरेटरनं सगळं पिऊन टाकलं आणि माणसं जंगलात अडकली, असं होऊ नये म्हणून ही सोय. आमच्या टाकीत पावाहून कमी होतं. जाऊबाईंनी भावजींकडे पाहिलं, त्या पाहण्याचं वर्णन मी करत नाही.

खरा घोर पुढंच होता. सासूबाईंना मधुमेह. त्यांचं तीन आठवड्यांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये. मी दार उघडलं तर दूध कोमट! फ्रीज केव्हापासून बंद होता? तर बारस्टो गावी थोडं पेट्रोल घेतलं, तेव्हापासून. तिथं पेट्रोलला 'गॅस' म्हणतात आणि शेगडीच्या गॅसला प्रोपेन. पेट्रोल भरताना प्रोपेन बंद करायचा नियम, आणि फ्रीज चालतो त्या प्रोपेनवर. भावजी म्हणाले, "गॅस बंद करा," ह्यांनी बंद केला. पुन्हा चालू करायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आता सुरू करावा तर गाडी तिरकी उभी. ह्या फ्रीजमध्ये अमोनिया आपल्या भारानं नळ्यांतून उतरतो. गाडी समतल नसेल तर तो अडकतो आणि फ्रीज कायमचा बिघडतो. ताब्यात घेताना हेही सांगितलं होतं म्हणे. मी डबे लावत होते.

माझ्या पोटात गोळा आला. इन्सुलिन गोठलं तरी वाया, तापलं तरी वाया. परक्या देशात नवं आणायचं तर डॉक्टरची चिठ्ठी हवी आणि पैसा किती लागेल कोण जाणे! मी नुसतीच फ्रीजपुढं उभी राहिले. तेव्हा सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "नळाला पाणी आहे ना? मग माठाला काय करतो आपण?"

नळाला पाणी होतं. पंप आणि दिवे घराच्या वेगळ्या बॅटरीवर चालतात, त्यांना इंजिन लागत नाही. इन्सुलिनची पेनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून स्टीलच्या डब्यात घातली. डब्याभोवती त्यांचं जुनं सुती लुगड्याचं फडकं ओलं करून गुंडाळलं आणि डबा सावलीच्या बाजूच्या खिडकीत टांगला. वाळवंटातला वारा इतका कोरडा की फडकं पंधरा मिनिटांत सुकायचं. दर दहा मिनिटांनी मी पाणी मारत होते. तासाभरानं डबा माठासारखा गार लागला! कोकणात पावसाळ्यात हे करायला जाऊ नका हं, दमट हवेत काही उपयोग नाही.

ओला पंचा सासूबाईंच्या डोक्यावर, घोट घोट मीठ-साखरेचं सरबत (त्यांना साखर न घालता), आणि सगळी मंडळी रहदारीपासून लांब, गाडीच्या सावलीत. ट्रक गेला की घर हलायचं.

तीन तास वीस मिनिटांनी माणूस आला. रबरी नळीची कडी सैल झाली होती! त्यानं ती पिळली, शीतद्रव भरला आणि हद्दीपर्यंत मागंमागं आला. नेवाडात भावजींनी टाकी काठोकाठ भरली. कुणी बोललं नाही. प्रोपेनचा खटका मी स्वतः चालू केला.

रात्री सासूबाईंची साखर तपासली, 162 निघाली. सकाळीही ठीक होती, म्हणजे औषध शाबूत. परत आल्यावर गाडी सोपवताना तिथं एक तेलुगू कुटुंब त्याच गाडीची वाट पाहत होतं. पुरुष माहिती ऐकत होते. बाई खोक्यातून डबे काढत होती. मी तिच्या हातातला डबा घेतला आणि म्हटलं, "हे मी लावते, तुम्ही तिकडं जाऊन उभ्या राहा."