खालचं पीठ वर येतं!

पीठ खाली ओतायचं, फळं वर टाकायची, झाकण ठेवायचं आणि गप्प बसायचं. पाऊण तासानं झाकण काढावं तर फळं तळाशी गेलेली आणि पीठ फुगून वर आलेलं! कोणी ढवळलं नाही, कोणी उलटलं नाही, कोणी सराटा लावला नाही. अहो, ही गोष्ट मला आजवर कोणी का सांगितली नाही? हळदीकुंकवाला, भिशीला, महिला मंडळाच्या पाककृती स्पर्धांना बायकांनी मला ढोकळा जाळीदार कसा करावा, अनारसे हसू नयेत म्हणून काय करावं हे सगळं पढवलं. पीच कॉब्लरबद्दल मात्र चकार शब्द नाही! म्हणून आता मीच सांगत सुटले आहे. अमरावतीतल्या आमच्या आळीत मला बघून दोघी-तिघी रस्ता बदलतात, पण सांगणं काही थांबत नाही.

माझं माहेर कौंडण्यपूर. रुक्मिणीचंही तेच, त्यामुळे माहेरचा तोरा मिरवायला आम्हा लेकींना दुसऱ्या कशाची गरज पडत नाही. तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर उंचवट्यावर गाव. नदी ओलांडली की जिल्हा वर्धा. रुक्मिणीच्या पालखीची पंढरपूरची वाट 1594 पासूनची सांगतात. ज्येष्ठात पालखी निघते, त्या सुमाराला गावात घरोघरी माणसं असतात. आमच्याकडेही होती. आणि नेमका तेव्हाच माझा भाचा, जो सोलनला शिकतो, बडनेऱ्याला उतरला तो हिमाचलातल्या राजगढच्या पीचची पेटी डोक्यावर घेऊन. दिल्लीपासून पुढचा सगळा प्रवास उन्हातला. पेटी उघडली तर वरचा थर ठीकठाक, खालचा थर इतका पिकलेला की बोट लावलं तर रुतेल. दोन दिवसांत खाऊन संपवा, नाहीतर म्हशीला घाला, अशी अवस्था.

पण तो वास! पेटीचा कागद बाजूला केला आणि ओसरीवर गुलाब आणि जर्दाळू यांच्या मधला कुठलासा वास पसरला. पीच मी आधी खाल्ले होते, शहरातल्या मॉलमधले, स्टिकर लावलेले, कचकचीत आणि बेचव. हे निराळंच प्रकरण होतं. सालीवर बारीक लव, एका अंगाला पिवळा, एका अंगाला लालबुंद, आणि देठापासून टोकापर्यंत गेलेली एक शीर. त्या शिरेवरून सुरी गोल फिरवायची, दोन्ही अर्धे हातांत धरून उलटसुलट पिळायचे, की टचकन दोन वाट्या वेगळ्या! बीभोवतीचा गर लालभडक, आणि बीवर खोल सुरकुत्या. काही पीचची बी अशी सुटून येते, काहींची गराला चिकटून बसते ती बसतेच. त्यांचा गर सुरीनं कापून काढावा लागतो, आणि रस कोपरापर्यंत ओघळतो. माझा ओघळला. मी चाटला.

साल काढायचीही युक्ती आहे. बुडाशी सुरीनं फुलीचा उथळ छेद द्यायचा, उकळत्या पाण्यात अर्धा-पाऊण मिनिट सोडायचं, लगेच माठातल्या पाण्यात टाकायचं. मग फुलीचं टोक चिमटीत धरून ओढलं की साल हातमोज्यासारखी निघून येते. लहान मुलांना बसवा या कामाला, भांडणं लागतात कोणी सोलायचं म्हणून.

खरं तर हे फळ मूळचं चीनचं. ह्युएन त्संग सातव्या शतकात भारतात आला तेव्हा त्यानं लिहून ठेवलंय की कनिष्काकडे ओलीस म्हणून आलेल्या चिनी राजपुत्रांनी पीच आणि नाशपाती पंजाबात आणली, त्याआधी ती इथे नव्हती. म्हणजे फळ आपल्याकडे यायला राजकारण लागलं! वऱ्हाडात त्याची बाग होत नाही, कारण झाडाला हिवाळ्यात बरीच थंडी लागते, थंडी मिळाली नाही तर ते धड फुलत नाही. पंजाबात कमी थंडीवर भागवणाऱ्या जाती लावतात, 'शान-ए-पंजाब' त्यातलीच. हिमाचलात 'जुलै एल्बर्टा' चालतो. एल्बर्टा हे नाव अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या सॅम्युएल रम्फ या बागायतदारानं 1870च्या दशकात आपल्या पीचला बायकोच्या नावावरून दिलेलं. आमच्याकडे नवरे बायकोच्या नावाचा जास्तीत जास्त उखाणा घेतात. असो!

आता कॉब्लर. भाच्यानं फोनवर दाखवलेल्या कृतीत लिहिलं होतं की फ्रिजमधलं घट्ट गार लोणी घ्या, त्याचे वाटाण्याएवढे तुकडे करा, वितळू न देता मैद्यात चोळा. गार तुकडे भट्टीत गेले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि वरचा थर खुसखुशीत सुटतो. शास्त्र पटलं. पण साहेब, ही कृती लिहिणारा माणूस ज्येष्ठात कौंडण्यपूरला आलेला नव्हता! पारा 44च्या आसपास, नळाचं पाणी चहाला चालेल असं, आणि गार लोणी म्हणे वितळू देऊ नका. आमच्याकडे लोणी फ्रिजमधून काढून परातीपर्यंत नेईस्तोवर त्याचं तूप व्हायची वेळ येते.

इथे भाच्यानं दुसरी कृती काढली आणि माझं आयुष्य बदललं. (हो, मी हे वाक्य विचार करून लिहिते आहे.) अमेरिकेच्या दक्षिण भागात कॉब्लर करायची एक पद्धत आहे, तिच्यात लोणी आधीच भांड्यात वितळवून टाकायचं! लपवाछपवी नाही, बर्फ नाही. त्या वितळलेल्या लोण्यावर पातळसर पीठ ओतायचं, पिठावर पीचच्या गरम फोडी आणि त्यांचा पाक सोडायचा. आणि ढवळायचं नाही. ही अट जीव मुठीत धरून पाळावी लागते, कारण ते लोणी कडेनं तरंगतं, फोडी बेटांसारख्या दिसतात, सगळं बिघडल्यासारखं वाटतं आणि मराठी बाईचा हात आपोआप सराट्याकडे जातो. हात आवरा!

का, तर बेकिंग पावडर उष्णतेनं वायू सोडते. पीठ पातळ असल्यानं त्या बुडबुड्यांनी हलकं होऊन फोडींच्या मधून वर चढतं, आणि रसानं जड झालेल्या फोडी तळाशी उतरतात. लोणी कडेनं वर येतं आणि पिठाची कड त्यात तळली जाते. म्हणजे एकाच भांड्यात खाली मुरांबा, मध्ये केक आणि कडेला कुरकुरीत तळण. ढवळलं की हे तिन्ही एक होऊन नुसता गोड लगदा उरतो.

प्रमाण लिहून घ्या. पाऊण किलो पीच, हे बीसकटचं वजन. फोडींवर पाव कप साखर, अर्ध्या लिंबाचा रस, आणि साखर विरघळून रस सुटेपर्यंतच गरम करायचं, शिजवायचं नाही. दुसरीकडे एक कप मैदा, पाऊण कप साखर, दीड चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि एक कप दूध, गुठळ्या मोडेपर्यंत कालवलेलं. त्याहून जास्त फेटू नका, चिवट होतं. लोणी शंभर-सव्वाशे ग्रॅम. घरी लोणी नसेल तर तूप चालतं, पण लोण्यात पाणी असतं आणि तुपात नसतं, म्हणून तूप थोडं कमी घ्यावं. मी घरचं लोणी घेतलं. त्याचा हलका आंबूसपणा पीचला काय शोभला म्हणून सांगू! जायफळ किसून टाका, वेलची नको. वेलची आली की खीर आठवते आणि पीच बिचारा मागे पडतो. हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

राहिली भट्टी. माहेरी ओव्हन नाही. पण वऱ्हाडातल्या घरात ओव्हन नाही म्हणून कोणाचं काही अडल्याचं ऐकलंय का? रोडगे आपण कशावर भाजतो? गोवऱ्या पेटवायच्या, धूर निघून जाऊ द्यायचा, आर पडला की पारीवर पारी गुंडाळलेले कणकेचे गोळे त्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. नवसाला, नदीकाठच्या पंगतीला, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलो. आणि कॉब्लरचंही मूळ तेच! अमेरिकेत पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतवाल्यांकडे भट्ट्या नव्हत्या. पाय असलेलं बिडाचं भांडं निखाऱ्यावर ठेवायचं, झाकणाला उभी कड असायची म्हणजे झाकणावरही निखारे राहतात. खाली आग, वर आग. लेटिस ब्रायन यांच्या 1839च्या 'द केंटकी हाउसवाइफ' या पुस्तकात अशी पीचची कृती आहे. ते वाचून मी भाच्याला म्हटलं, अरे, केंटकी म्हणजे तिवसा तालुकाच की!

अंगणात तीन दगड मांडले. जाड बुडाचा जर्मनचा गंज घेतला, त्यावर खोलगट ताट झाकण म्हणून. बेकिंगला एक भाग आर खाली आणि दोन भाग वर लागतो; खाली जास्त झाला तर बूड करपतं आणि वरचं कच्चं राहतं. गंजात लोणी वितळवलं, पीठ ओतलं, ते लोण्यावर पसरलं, वरून फोडी सोडल्या. मोठी माय पायरीवर बसून सगळं बघत होती.

"हे काय करून राह्यली वं? पीठ खाली अन् फयं वर? असं कधी भाजते काय?"

"भाजते म्हणतात, मोठे माय."

"मंग रोडगेच कर ना बापा, वांगे पडले हायेत घरात."

ताट झाकलं, सांडशीनं आर वर रचला. पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही. मग आतून बारीक चुरचुर. मग वास. आधी नुसतं लोणी, मग भाजलेलं लोणी, मग साखर करपायच्या अगदी अलीकडची, आणि त्या सगळ्याच्या वरून पीच! शेजारच्या वहिनी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. पोरं खेळ सोडून आली. कडेनं रस दाटसर होऊन सावकाश बुडबुडे यायला लागले की झालं समजावं; पातळ रस भराभर उकळतोय तोवर थांबावं. मी सांडशीनं ताट उचललं, राख आत पडू नये म्हणून तिरकं करून बाजूला नेलं, आणि...

"अवं बाई! पीठ तं वर आलं!"

हे मोठी माय म्हणाली. मला तोंडातून शब्दच फुटेना. वरचा थर तांबूस, मधूनमधून भेगा, भेगांतून केशरी-लाल रस वर डोकावणारा, कड तपकिरी आणि जाळीदार. कडेचा तुकडा चमच्यानं तोडला तेव्हा कर्रर्र आवाज आला. खरोखर आला, ऐकणारे साक्षीदार आहेत.

अर्धा तास तरी थांबायला हवं, कारण गरम असताना रस पाण्यासारखा असतो, निवताना दाटतो. आम्ही थांबलो का? काही विचारू नका. जीभ भाजून घेत खाल्लं. आधी कुरकुरीत, मग मऊ, मग तोंडभर आंबटगोड गर, आणि शेवटी गोवरीच्या धुराची अगदी पुसट चव, जी कुठल्याही ओव्हनमध्ये येणार नाही. वर घरची दाट साय घातली. पालखीला आलेल्या पाहुण्यांपैकी एक आजोबा, ज्यांनी उभ्या हयातीत पीच पाहिला नव्हता, ते वाटी पुढे करून म्हणाले, "आनखी हाय काय?" नव्हतं!

मोठ्या मायचा निकाल शेवटी आला. "मस्त झालं. पन गोड लय हाय. तुले साखर फुकट भेटली काय?"

तिचं बरोबर होतं; पिठातली साखर अर्धा कप पुरते. तेवढी दुरुस्ती वरच्या प्रमाणात करून घ्या. आणखी एक, पोरं पीचच्या बिया फोडून आतला गर खायला बघतात, बदामासारखा दिसतो म्हणून. देऊ नका. कडू असतो आणि त्यातून पोटात सायनाइड तयार होतं.

पीच संपले तसे आम्ही आंब्याकडे वळलो. गावरान चोखायचा आंबा यात चालत नाही, त्याचा रस फार आणि रेषा फार, पीठ ओलं राहतं. बाजारातला बैंगनपल्ली थोडा करकरीत असतानाच घ्या, लिंबू दुप्पट पिळा, साखर आणखी कमी करा. आंब्याचा कॉब्लर पीचइतका देखणा होत नाही, भेगांतून रंग डोकावत नाही, पण वास घरभर राहतो. संत्र्याचं विचाराल तर, वरूड-मोर्शीच्या इतक्या जवळची असूनही सांगते, नको. फोडीवरचा पापुद्रा शिजून चिवट होतो आणि चव कडवट उतरते. जांभळाचा मात्र करणार आहे, पहिल्या पावसानंतर. बिया काढायला पोरांना आत्ताच सांगून ठेवलंय, आणि गोवऱ्या भिजू नयेत म्हणून वहिनींनी त्या गोठ्यात हलवल्या आहेत.